वाचलेले सेकंद कोणाचे? भांडुपच्या एका पंप लाईनीची केस

भांडुपला एलबीएस मार्गावर एक जुना कारखाना आहे, घरगुती पाण्याचे पंप बनवतो. असेंब्लीची एक लाईन, लाईनीवर ९ माणसं, आणि दिवसाच्या पाळीत निघणारे पंप साधारण ३१०. उन्हाळ्याच्या तोंडावर डीलर लोकांची मागणी वाढली आणि वरून सांगून टाकलं की पाळीला ४०० पंप हवेत, माणूस एकही वाढवून मिळणार नाही, उलट जमलं तर २ कमी करा. हे काम ज्या इंडस्ट्रियल इंजिनिअरच्या गळ्यात पडलं ती माझी मामेबहीण. मी पण याच क्षेत्रातला, त्यामुळे ती रोज रात्री शीट पाठवायची आणि फोनवर "दादा, हे बघ ना जरा" असं तासभर चालायचं. तिला विचारूनच लिहितोय. कारखाना ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे इकडेतिकडे केलेत, पण हिशोबाची रीत आणि भांडणाचं मूळ जसंच्या तसं आहे.

एवढं सविस्तर लिहायचं कारण असं की बारावीनंतरची मुलं आणि त्यांचे आईबाबा सारखे विचारतात, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगला स्कोप आहे का, पॅकेज किती, सिक्स सिग्माचा (क्वालिटी सुधारायची एक पद्धत) कुठला बेल्ट, म्हणजे सर्टिफिकेट, करू. मला वाटतं त्याआधी हे काम नक्की काय असतं ते एकदा डोळ्यासमोर यायला हवं, आणि त्यासाठी ही एक लाईन पुरेशी आहे.

तिच्याबद्दल थोडक्यात. मुंबई युनिव्हर्सिटीची प्रॉडक्शन ब्रँच, मग जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून लागली, दीड वर्ष शॉपवर काढल्यावर आयई, म्हणजे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग डिपार्टमेंटला टाकलं. डिपार्टमेंट म्हणजे ती, एक ज्युनियर आणि एक सिनियर साहेब जे रिटायरमेंटला आले होते. राहायला डोंबिवली, पहिली पाळी ७ ची, म्हणजे अंधारात घराबाहेर. संध्याकाळी निघायची वेळ मात्र ठरलेली नाही कारण दुसऱ्या पाळीवाले आल्यावर त्यांचंही रीडिंग घ्यायचं असतं. कायद्यातले आठवड्याचे ४८ तास आणि ओटीला (ओव्हरटाईमला) दुप्पट पगार हे कामगारासाठी, सुपरवायझरी ग्रेडच्या इंजिनिअरला त्यातलं काही नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या वर्षात खूप जण खट्टू होतात.

हिशोब काय सांगत होता

पाळी साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटं, त्यातून जेवणाची ३० आणि दोन चहाची मिळून २० गेली की उरतात ४६० मिनिटं, म्हणजे २७,६०० सेकंद. ४०० पंप हवेत तर दर ६९ सेकंदाला एक पंप लाईनीवरून उतरला पाहिजे, यालाच टॅक्ट टाईम म्हणतात. आणि निघत होते ३१०, म्हणजे एका पंपाला ८९ सेकंद लागत होते.

मग तिने ९ स्टेशनांचा टाईम स्टडी केला, म्हणजे प्रत्येक काम स्टॉपवॉचने मोजलं. रेटिंग (कामाच्या वेगाचा अंदाज, त्यावर पुढे येतो) आणि अलाउन्स (स्वतःच्या गरजा आणि थकव्यासाठी धरलेला जादा वेळ) धरून आलेले वेळ असे: स्टेटर प्रेसिंग ५८ सेकंद, बेअरिंग प्रेसिंग ५४, रोटर आणि एंड कव्हर ६६, फॅन आणि त्याचं कव्हर ४१, मेकॅनिकल सील आणि इंपेलर ७८, केसिंगचे बोल्ट ६४, कपॅसिटर आणि टर्मिनलचं वायरिंग ७२, टेस्टिंग ८४, पॅकिंग ५९. बेरीज ५७६. सगळ्यात हळू टेस्टिंग, तिथे ८४, त्यामुळे बाकीचे कितीही पळाले तरी लाईन ३२८ च्या वर जाऊच शकत नाही. ३१० आणि ३२८ मधले १८ पंप कुठे जात होते हा वेगळा प्रश्न, त्यावर येतो.

आता खरी गंमत बघा, ५७६ भागिले ६९ केलं की येतात ८.३५, म्हणजे कामाची पद्धत न बदलता ४०० पंप काढायचे तर कागदावरसुद्धा कमीत कमी ९ माणसं लागतात, आणि वरचे साहेब म्हणत होते ७. सातांना अगदी सेकंदाला सेकंद समान काम वाटून दिलं, जे कधीच होत नाही, तरी प्रत्येकाकडे ८२ सेकंद येतात आणि पंप होतात ३३५. म्हणजे ४०० पण हवेत आणि २ माणसंही कमी हवीत, हे भागाकारातच बसत नव्हतं. हे प्लांट हेडसमोर मांडायला तिला एक पान लागलं. पण त्या पानातले आकडे मिळवायला जे लागलं ते जास्त महत्त्वाचं आहे.

मामा

टेस्टिंगवर एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे, युनियनच्या कमिटीवर. ती पहिल्या दिवशी स्टॉपवॉच आणि पॅड घेऊन उभी राहिली तेव्हा मामांनी हातातलं काम थांबवून एवढंच विचारलं, "मॅडम, या वेळेला कोणाला पाठवायचंय?" कारण काही वर्षांपूर्वी असाच स्टडी झाला होता, त्या वेळी सांगितलं होतं की नुसतं रेकॉर्डसाठी आहे, आणि तीन महिन्यांत लाईनीवरचे दोघं यार्डात माल चढवायला गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

मामांचे वडील परळच्या गिरणीत होते. मुंबईत कामाच्या मोजणीबद्दल जो संशय आहे तो काही कालचा नाही. १९२८ चा गिरणी संप आठवा, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेला, लाखाच्या वर कामगार बाहेर. त्यात मुख्य भांडण हेच होतं की विणकराने २ ऐवजी ३ साचे, म्हणजे माग, सांभाळायचे आणि स्पिनिंगला यंत्राच्या एकाच्या जागी दोन बाजू बघायच्या. मालक त्याला सुधारणा म्हणत होते, आणि कामगार विचारत होते की मग उरलेला माणूस जाणार कुठे. टेलरचं सायंटिफिक मॅनेजमेंटचं पुस्तक १९११ चं, त्याच काळात गिलब्रेथ नवराबायकोने हाताच्या एकेक हालचालीचा अभ्यास केला, फ्रँक गिलब्रेथने वीट रचायच्या १८ हालचाली ५ वर आणल्या, हे आम्ही कॉलेजमध्ये मोठ्या कौतुकाने शिकतो आणि ते कौतुक खरंच आहे. पण १९२८ चा संप कुठल्याही आयईच्या पेपरात येत नाही, निदान माझ्या वेळी आला नव्हता, आणि माझं स्पष्ट मत आहे की मुंबईत हे काम करणाऱ्याला तो माहीत पाहिजे.

तर मामांच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिला स्वतःलाच सांगितलेलं नव्हतं. मग व्हायचं तेच झालं, रीडिंग घेताना सगळे हळू. बोल्ट आवळणारा पोरगा प्रत्येक बोल्टला दोनदा स्पॅनर लावायला लागला. यावर उपाय म्हणून रेटिंग असतं, म्हणजे नॉर्मल वेगाला १०० धरायचं आणि समोरचा ८० च्या वेगाने करतोय असं वाटलं तर घड्याळातल्या वेळेला ०.८ ने गुणायचं. पण रेटिंग शेवटी डोळ्याचा अंदाज, त्यावर वाद होणारच. म्हणून सील आणि इंपेलरच्या स्टेशनला तिने मोस्ट नावाच्या पद्धतीने पण वेळ काढला. त्यात घड्याळ लागत नाही, हात किती लांब गेला, वाकावं लागलं का, वस्तू कशी पकडली, कशी बसवली, याला ठरलेले आकडे असतात आणि त्यांची बेरीज टीएमयूत (टाईम मेजरमेंट युनिटमध्ये) येते, १ टीएमयू म्हणजे ०.०३६ सेकंद, तासात १ लाख. घड्याळाने ७८ आले होते, मोस्टने ७५. एवढं जवळ आलं म्हटल्यावर तिचा स्वतःवर विश्वास बसला. नवीन मुलांनी ही पद्धत हाताने, कागदावर, एकदा तरी करावी असं मी आग्रहाने सांगतो, सॉफ्टवेअर नंतर आहेच.

अलाउन्सचा एक किस्सा इथे सांगितलाच पाहिजे. आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) वर्क स्टडीच्या, म्हणजे कामाच्या मोजणीच्या, पुस्तकात स्वतःच्या गरजांसाठी पुरुषांना ५ टक्के आणि बायकांना ७ टक्के, वर मूळ थकव्याचे ४ टक्के दोघांनाही, असा तक्ता आहे आणि सगळीकडे तोच लावतात. वायरिंग आणि पॅकिंगला दोन बायका होत्या. ४६० मिनिटांचे ७ टक्के म्हणजे ३२ मिनिटं, ऐकायला भरपूर वाटतात. पण लेडीज टॉयलेट होतं ऑफिसच्या इमारतीत, शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, गेट ओलांडून, नुसतं जाऊनयेऊन ८-९ मिनिटं. पाळीत तीन वेळा गेलं तर चालण्यातच जवळजवळ सगळे टक्के संपले. त्या दोघी जणी काय करायच्या, तर पाणीच कमी प्यायच्या. माझ्या बहिणीने हे नोंदवलं, आणि स्टोअरच्या मागे बंद पडलेलं एक टॉयलेट होतं ते मेंटेनन्सकडून दुरुस्त करून घेतलं. या पूर्ण केसमध्ये मला सगळ्यात जास्त अभिमान याच गोष्टीचा वाटतो. तक्ता लावणं कोणीही करतं, तक्त्यातला आकडा त्या माणसाच्या दिवसात बसतो का हे बघायला मुद्दाम चालत जावं लागतं.

एका पानाचा करार

७ माणसांचं गणित बसत नाही हे मान्य झाल्यावर प्लांट हेड म्हणाले ठीक आहे, मग पद्धत बदला. इथे तिने जे केलं त्यासाठी मी ही केस लिहितोय. तिने सांगितलं की पद्धत बदलीन, पण त्याआधी मला लिहून द्या की वाचलेल्या वेळेचं काय करणार. दोन वर्षांचा अनुभव असलेली इंजिनिअर प्लांट हेडकडे हे मागते म्हणजे धाडसच, आणि आदल्या रात्री फोनवर तिचा आवाज कापत होता. पण तिच्या बाजूने एक कायदेशीर मुद्दा होता, जो तिला मामांनीच दाखवला. त्या वेळी लागू असलेल्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स ॲक्टच्या कलम ९अ प्रमाणे, ज्या सुधारणेमुळे कामगार कमी होण्याची शक्यता आहे ती लागू करायची तर आधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागायची. एचआरच्या साहेबांना फाईल उघडून बघावी लागली, मामांना पाठ होतं.

पानावर चारच गोष्टी. या स्टडीमुळे लाईनीवरचा कोणीही १२ महिने कामावरून जाणार नाही किंवा कमी पगाराच्या कामाला लागणार नाही. कोणी मोकळा झालाच तर त्याच डिपार्टमेंटला, त्याच ग्रेडमध्ये. टाईम स्टडीच्या शीटची एक प्रत कमिटीकडे. आणि एकदा ठरलेला स्टँडर्ड टाईम पद्धत बदलल्याशिवाय बदलायचा नाही, म्हणजे माणसं हात बसल्यावर पटापट करायला लागली म्हणून टार्गेट वाढवायचं नाही. शेवटची अट वर्क स्टडीतली जुनी आणि सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारी पण. प्लांट हेडने सही केली. त्यांच्यासमोर उन्हाळा उभा होता आणि त्यांना पंप हवे होते, पण केली हे खरं.

सही झाली आणि दोन दिवसांत लाईन बोलायला लागली.

मामांनी सांगितलं की टेस्टिंगच्या टेबलाशेजारी फरशीखाली पाण्याचा एक दुसरा पॉइंट आहे, जुन्या मशीनचा, झाकण लावून बुजवलेला. टेस्टिंगचे ८४ सेकंद असे होते: पाईप आणि वायरी जोडायला ३२, पंप चालवून प्रेशर बघायला ३०, काढायला २२. मधले ३० सेकंद माणूस नुसता गेजकडे बघत उभा. दोन फिक्स्चर, म्हणजे पंप जोडायच्या दोन जागा, ठेवले तर एकावर पंप चालत असताना दुसऱ्यावर जोडणी होईल आणि माणसाचे फक्त ५४ सेकंद लागतील, हे तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण पाण्याची नवी लाईन टाकायचा खर्च आणि फरशी फोडायचं लफडं यामुळे ती कल्पना कागदावरच राहिली असती. तो बुजवलेला पॉइंट कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हता. फिटरने जुन्या लाईनीच्या भंगारातून दुसरं फिक्स्चर बनवून दिलं.

आणि ते १८ पंप? स्टोअरमधून सकाळी बोल्ट वजनावर यायचे, मोजून नाही, त्यामुळे दुपारी तीनच्या सुमाराला हमखास कमी पडायचे आणि बोल्टवाला स्वतः उठून स्टोअरला जायचा, मागे लाईन थांबलेली. शिवाय पाळी संपताना ८-१० पंप पॅक न करता टेबलाखाली ठेवून द्यायची पद्धत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी काही बिघडलं तर आकडा भरून काढायला. ही चोरी नव्हे बरं का, ओरडा खाऊ नये म्हणून स्वतःसाठी केलेली सोय होती ती. हे कुठल्याही स्टॉपवॉचला दिसत नाही, सांगणाऱ्याने सांगावं लागतं, आणि आपलीच नोकरी जाईल अशी भीती असताना कोण सांगेल.

बाकीचे बदल छोटे. सील आणि इंपेलरचे बिन पाठीमागे होते ते समोर उतरते लावले, १२ सेकंद वाचले, ७८ चे ६६. कपॅसिटरची क्लिप आधीच्या फॅनच्या स्टेशनवर बसवायला दिली, तिथले ४१ चे ४७ झाले आणि वायरिंगचे ७२ चे ६६. स्टोअरच्या हेल्परला दर तासाला ट्रॉली फिरवायला लावली. आता बेरीज ५३४, सगळ्यात हळू स्टेशन ६६, म्हणजे ६९ च्या आत. पहिल्या आठवड्यात ३४० च झाले, सगळे वैतागले. नव्या पद्धतीला हात बसायला वेळ लागतो हे इंजिनिअरने वरच्यांना आधीच सांगून ठेवलं पाहिजे, नाहीतर पाचव्या दिवशी सगळं जुनं परत येतं. सहाव्या आठवड्यापर्यंत लाईन ३९० ते ३९५ वर स्थिर झाली, काही दिवस ४०० पण निघाले.

७.७४

मग प्रॉडक्शन मॅनेजरने कॅल्क्युलेटर काढला. ५३४ भागिले ६९, ७.७४. म्हणजे आता ८ माणसं बास की. एक कमी करा.

इथे त्यांची बाजूही नीट मांडायला हवी, कारण ते काही दुष्ट नव्हते. ८ माणसांत वाटायचे तर सरासरी ६६.७५ सेकंद येतात, आणि मर्यादा ६९ ची. पण काम म्हणजे काही कणकेचा गोळा नाही की पाहिजे तेवढा तोडून शेजारच्याला दिला, दोन्ही प्रेस जागेवर पक्के, टेस्टिंगचं अर्धं काम दुसऱ्याला देता येत नाही. तिने आणि मी मिळून दोन रात्री एक्सेलवर सगळ्या जुळण्या करून बघितल्या, सगळ्यात चांगली जुळणी ७६ सेकंदांची आली, म्हणजे ३६३ पंप. मॅनेजर म्हणाले चालेल, ३६३ भागिले ८ म्हणजे माणशी ४५, आणि ९ जणांत ४०० काढले तर माणशी ४४, मग माझंच बरोबर ना? आणि माणशी आकडा बघितला तर त्यांचं चुकत नव्हतं. पण डीलरला ४०० हवे होते, आणि ३७ पंप रोज कमी पडले असते. त्याहून मोठं कारण म्हणजे पानावर सही होती. ती म्हणाली १२ महिने झाल्यावर बोलू. प्लांट हेडने तिची बाजू घेतली आणि विषय तिथेच थांबला.

पण अप्रेझलमध्ये नाही थांबला. तिच्या केआरएमध्ये, म्हणजे ज्या टार्गेटांवर वर्षाचं काम जोखतात त्या यादीत, ३० टक्के वजन होतं मॅनपॉवर सेव्हिंगला, आणि त्या रकान्यात तिचं सेव्हिंग शून्य. वाढलेले पंप प्रॉडक्शनच्या केआरएमध्ये गेले, कारण आउटपुट त्यांचं. तिला मधली ग्रेड मिळाली, इन्क्रीमेंट बेताचं.

तिचं काम पैशात किती होतं ते मी मांडून बघितलं. जुन्या पद्धतीने ३१० च्या वरचे ९० पंप काढायचे असते तर ८९ सेकंदांच्या हिशोबाने रोज २ तास १३ मिनिटं ओटी, ९ माणसं, म्हणजे २० माणूस-तास, दुप्पट दराने ४० तासांचा पगार. रोज. जवळजवळ पाच माणसांच्या पूर्ण पाळीएवढा पगार वाचला आणि शीटमध्ये शून्य. माझं ठाम मत आहे की इंडस्ट्रियल इंजिनिअरचं करिअर अडकतं ते इथे. त्याचं काम सल्ल्याचं, आकड्याचा मालक दुसरा, आणि त्याच्या नावावर फक्त कमी झालेली माणसं मोजली जातात. मग जो पहिल्या वर्षी दोन माणसं कमी करून वाहवा मिळवतो त्याला दुसऱ्या वर्षी त्याच लाईनीवर कोणी खरं रीडिंग देत नाही, तिसऱ्या वर्षी त्याचे आकडे चुकायला लागतात, आणि तो केबिनमध्ये बसून प्रेझेंटेशन बनवणारा होतो. असे खूप बघितलेत मी, हुशार मुलं होती सगळी.

पुढे भिवंडी

पुढच्या इन्क्रीमेंटनंतर तिने नोकरी बदलली. जाहिरातीत इंडस्ट्रियल इंजिनिअर हा शब्द मुंबईत फार कमी दिसतो, हे पण सांगून ठेवतो. ऑपरेशन्स एक्सलन्स, कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट, प्रोसेस डिझाईन, सप्लाय चेन प्लॅनिंग, अशा नावांखाली शोधायचं. गिरण्या गेल्या, मग एलबीएस मार्गावरचे कारखाने एकेक करून टॉवर आणि मॉल झाले, पण काम गेलं नाही, ते गोदामात गेलं, हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलं, एअरपोर्टच्या कार्गोत, बँकांच्या बॅक ऑफिसमध्ये गेलं. पवईला १९६३ मध्ये आयएलओच्या मदतीने नीटी ही जी संस्था सुरू झाली ती याच विषयासाठी, आज ती आयआयएम मुंबई झाली, २०२३ मध्ये. ओपीडीत सरासरी किती पेशंट बसलेत हे लिटलच्या नियमाने काढता येतं, तासाला येणारे गुणिले प्रत्येकाचा लागणारा वेळ, ३० पेशंट तासाला येतात आणि प्रत्येकाचे दोन तास जातात तर कुठल्याही क्षणी ६० जण आत असणार, मग बाकं ४० ठेवून कसं चालेल. गणित तेच, जागा बदलते.

तिला मिळालं भिवंडीचं गोदाम. मोठागाव-माणकोली पूल झाल्यामुळे डोंबिवलीहून जाणं सोपं झालंय, पगारही चांगला वाढला. काम असं की पिकर, म्हणजे रॅकवरून माल काढणारा, तासाला किती वस्तू उचलेल याचा स्टँडर्ड, म्हणजे रेट, ठरवायचा. तिने बघितलं की पिकरचा निम्म्याहून जास्त वेळ चालण्यात जातो, तर जास्त खपाच्या वस्तू पॅकिंगच्या जवळच्या रॅकवर आणल्या, कमरेच्या उंचीवर, जड वस्तू खाली न ठेवता. रेट वाढला, पाय कमी दुखायला लागले, दोन्ही झालं.

मग तिने तेच एक पान मागितलं. आणि इथे ते नीट बसेना. गोदामात परमनंट कोणी नाही, सगळे कॉन्ट्रॅक्टरचे, किती जणांना आत घ्यायचं ते रोज सकाळी गेटवर ठरतं. कोणी जाणार नाही असं लिहून द्यायचं तरी कोणाला, उद्या तोच पोरगा येईल याचीच खात्री नाही. कमिटी नाही, म्हणजे शीटची प्रत द्यायला मामा नाहीत. कंपनीने एवढंच मान्य केलं की रॅक बदलल्यावर ठरलेला रेट एक सीझन तरी बदलायचा नाही. तिने स्टँडर्ड कसा काढला ते हिंदी आणि मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावलं, पोरं उभी राहून वाचतात, आणि एकाने येऊन चूक पण काढली, वरच्या रॅकला शिडी आणायचा वेळ धरला नव्हता.

माझ्या मते तिचं खरं काम आता सुरू झालंय. भांडुपला तिच्या मागे कायदा होता, युनियन होती, एक शहाणा प्लांट हेड होता. इथे जे काही आहे ते तिने काढलेल्या आकड्यात आणि त्या आकड्यावरच्या तिच्या सहीत. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी जे तापतं त्याला अलाउन्सच्या तक्त्यात वेगळा रकाना आहे, उष्णता आणि दमटपणाचा, पण तो कोणी भरत नाही. तिने थर्मामीटर लावून दुपारच्या तासांची नोंद ठेवलीये.

मामा रिटायर झाले. भांडुपची ती लाईन अजून ९ माणसांवर चालू आहे, १२ महिने उलटून गेले तरी. प्लांट हेडची बदली झाली, पान फाईलला आहे.

आणि इकडे गणपतीनंतर सणाचा माल सुरू होईल, त्याआधी नवा रेट ठरायचाय. तिने दोन रेट काढलेत, सकाळचा वेगळा आणि दुपारी १२ ते ४ चा वेगळा. कॉन्ट्रॅक्टरला दिवसभराचा एकच हवाय, बिलिंगला सोपा पडतो म्हणून. तिने त्या एका आकड्यावर सही केलेली नाही. पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे, आणि तिथे नेण्यासाठी ती आज-उद्यात दुपारची रीडिंग पूर्ण करतेय.